आधी पाणी

वाडीतून निघाले त्या सकाळी जीप भरायची वाट बघत मी आणि आई रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. आईनं तिसऱ्यांदा तांब्या पुढं केला. म्हटलं, किती पाजतेस, घाटात गाडी थांबवायची का? ती हसली नाही. म्हणाली, "तिकडं मानसाला दारात उभं करून आधी पुसत्यात. तू तसं करू नको. आधी पानी, मग ईचारनं." नर्सिंगला निघालेल्या पोरीला हे कसलं शिक्षण, असं मला वाटलं. अंगात मस्ती होती, दुसरं काय!

त्याला बारा वर्षं झाली. आता मी नगरला, मुलांच्या इमर्जन्सी वॉर्डात सिस्टर आहे. केडगावला दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. वर अकोले तालुक्याच्या डोंगरात राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या खाली उतरलेल्या पोरींनो, हे तुम्हाला लिहितेय, कारण आईला फोनवर सांगायला जीभ रेटत नाही.

वाडीत असताना मी 'लेकरू' म्हणायचे, आता 'पेशंट' म्हणते. तेव्हा कुणाच्या घरी गेलं की आधी टेकायचं, मग बोलायचं. आता उभ्या उभ्या पाच प्रश्न विचारते: वय किती, वजन किती, ताप कधीपासून, आकडी किती वेळा, काय दिलं? घाई असतेच हो, खोटं नाही. पण घाईच्या नावाखाली माझी जीभ कधी तिखट झाली, ते माझं मलाच कळलं नाही.

गेल्या महिन्यात भरदुपारी यमुना आली. आपल्याच तालुक्यातली, नवरा इथल्या कारखान्यात कामाला. कडेवर दहा महिन्यांचं पोर, डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते. मी त्याला बेडवर घेतलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं. पोराच्या अंगाला कापराचा वास येत होता. आणि इथंच मी चुकले. दुसऱ्या कुणा सिस्टरला तो वास खटकला असता. मला मात्र थंडीतली आमची चूल आठवली, छातीला कोमट तेल चोळणारी आई आठवली. सर्दी झालेल्या लेकराला हाच वास यायचा, त्यात विचारायचं काय?

डॉक्टरांनी विचारलं, घरी काही दिलं का? यमुना म्हणाली, "न्हाई." थोड्या वेळानं पोराला पुन्हा झटके आले. मेंदूत ताप गेला असावा म्हणून पाठीतून पाणी काढून तपासायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात मी तिच्यावर खेकसले. "पोराच्या जिवावर उठलाय का? खरं सांगा!" पूर्ण वॉर्डासमोर. ती पदर तोंडाला लावून भिंतीला सरकली. गार्डनं नातेवाइकांना बाहेर काढलं, तर तीही मुकाट निघाली.

दारातून जाताना तिचे ओठ दिसले, सुकून पापुद्रे निघालेले. सकाळपासून ह्या बाईला कुणी घोटभर पाणी तरी विचारलं होतं का? मी पोराला दुसऱ्या सिस्टरच्या हवाली केलं, माझी बाटली घेतली आणि बाहेर तिच्याशेजारी फरशीवर बसले. ती पाणी प्यायली. म्हटलं, मी बी वरचीच, आमच्यात सर्दीला आई तेलात कापूर घालून चोळायची. तुम्ही पण?

"चोळलाय," ती म्हणाली. मग हळूच, "आन चाटवलाबी. सासूबाई म्हनल्या, कफ सुटंल. दोनदा चाटवला."

मी आत पळाले. कापूर पोटात गेला की लहान लेकरांना आकडी येते, हे मी शिकलेय, पाठ केलंय. डॉक्टरांनी पाठीतली सुई थांबवली. छातीवरचं तेल धुऊन काढलं, उपचाराची दिशा बदलली. पण पहिली विचारणा आणि ते उत्तर यांच्यामध्ये चांगला अर्धा तास गेला होता, आणि तेवढा वेळ ते तेल पोराच्या अंगावर तसंच मुरत होतं.

पोर वाचलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आईकडं बघून हसलं, पण मान अजून नीट धरत नव्हतं. पुढं काय, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नव्हते. यमुनेनं मला विचारलं, "सिस्टर, माझ्यामुळं झालं का?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. मी म्हणाले, "कापूर द्यायला नको होता, पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. वास आला तरी मी विचारलं नाही, वर ओरडले. उशीर माझ्यामुळं झाला."

वाटलं, आता ही तक्रार करेल, नवऱ्याला बोलवेल. केली असती तर तिचं बरोबरच होतं. तिनं पोराला मांडीवर नीट घेतलं, पिशवीतून स्टीलचा पेला काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरला.

"आधी पानी प्या," ती म्हणाली. "मग ईचारते."

मी प्यायले. बारा वर्षांत वाडीला कितीदा जाऊन आले, पण घरी पोचले ती त्या दुपारी. मग तिनं विचारायला सुरुवात केली, आणि मी एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.