चार अर्ज, एक पत्ता

परिवहन कार्यालयातल्या एका लिपिकाचा फोन निवृत्तीनंतरही माझ्या लक्षात आहे. "साहेब, वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी चार बायकांचे अर्ज आलेत. चौघींचा पत्ता एकच, भाडेकरारही एकसारखे. नोटरीचा शिक्का मला बरा वाटत नाही."

मी तेव्हा सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. करार मागवले आणि ज्यांच्या नावाचा शिक्का होता त्या नोटरींना दाखवले. त्यांच्या नोंदवहीत असे करार नव्हतेच. आमच्या हवालदाराला तर टोळी हाती लागल्याचा आनंद झाला.

चौघींना ठाण्यात बोलावलं. त्या चादरीच्या कारखान्यात शिलाईचं काम करत. मालकानं शब्द दिला होता, महिन्यात परवाना काढा, माल पोहोचवायचा टेम्पो तुमच्याकडे देतो. चौघींत जी थोरली होती तिचं माहेर मैंदर्गीचं, सासर कर्नाटकात. आधारकार्डावर पत्ता सासरचा, बाकी तिघींचाही बाहेरगावचाच, म्हणून सोलापुरात राहत असल्याचा पुरावा हवा होता.

"या घरात खरंच राहता?" मी थोरलीला विचारलं.

"व्हय साहेब. तीन वर्सं झाली की. वरच्या खोलीत आमी चौघी ऱ्हातो."

"मग करार खोटा का केला?"

ती गोंधळली. "खोटा हाय व्हय? एजंट म्हनला, घरमालकीण सही देनार न्हाय, मीच सगळं करून आनतो. आमी आधारची झेरॉक्स दिली की."

आरोपीही असंच बोलतात. म्हणून प्रत्येकीला वेगळं बसवून घराबद्दल बारीकसारीक विचारलं. जिन्याची तिसरी पायरी हलते, हे चौघींनीही सांगितलं. पाठ करून आलेल्यांची उत्तरं शब्दाला शब्द जुळतात. यांची तशी जुळत नव्हती. एक पायरीला नावं ठेवत होती, दुसरी तिच्यावरून घसरल्याचं सांगताना हसत होती. राहणं खरं आहे, हे मला तिथंच जाणवलं.

तरी चौघींना सोबत घेऊन घरी गेलो. पायरी हलत होती. घरमालकीण बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा लावून करार वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीलाच टेबलावरचं लाल पेन उचललं.

"बाई, तो पुरावा आहे," म्हणत मी कागद ओढून घेतला.

"सोलापूरमधला 'पू' ऱ्हस्व काढलाय. प्रत्येक ठिकाणी. आणि खाली माझ्या नावाची सही? मी जन्मभर मराठी शिकवलं, साहेब." मग त्या चौघींकडे वळल्या. "सही हवी होती तर मला का नाही गं विचारलंत?"

थोरलीनं मान खाली घातली. "तुमी न्हाय म्हनाल असं वाटलं, बाई."

बाई चहा ठेवायला आत गेल्या.

एजंटला सात रस्ता चौकाजवळच्या त्याच्या दुकानातून आणलं. आपला काही संबंध नाही, बायकाच कागद घेऊन आल्या, हेच तो घोकत होता. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "जबाब नंतर. आधी तुमचं नाव आणि पत्ता लिहा."

त्यानं लिहिलं. 'सोलापुर'. मी शेजारी करार ठेवला.

एवढ्यावर न्यायालयात काहीच सिद्ध होत नाही. ही चूक अर्धं शहर करतं. पण तो दोन्ही कागदांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, शिक्का दुकानातच आहे."

पंचांसमक्ष दुकानाची झडती घेतली. रबरी शिक्का आणि कोऱ्या करारांचा गठ्ठा मिळाला. एजंटवर गुन्हा दाखल झाला. बायकांना फसवलं गेल्याचं स्पष्ट होतं, त्यामुळे त्या साक्षीदार झाल्या. बाई स्वतः त्यांना घेऊन नोटरींकडे गेल्या आणि खरा करार करून दिला. मसुद्यात त्यांनी दोन चुका काढल्या, असं नोटरींनी मला हसत सांगितलं. थोरलीला पुढे पहिल्याच चाचणीत पक्का परवाना मिळाला. मालकानंही थोडे दिवस थांबून शब्द पाळला.

बनावट कागद सापडला की माणूसही बनावट समजायची आम्हा पोलिसांना सवय असते. इथे राहणं खरं होतं, फक्त कागद खोटा होता, आणि तो खरा व्हायला एक जिना उतरून बाईंना विचारणं पुरेसं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, अशा कागदात अडकलेला कुणी समोर आला की मी आधी विचारत असे, "ज्यांची सही हवी होती, त्यांना तुम्ही स्वतः विचारलंत का?"

बहुतेक जण म्हणत, "नाही."