काकांची बोटं आणि आम्ही दिलेला जोड

आदरणीय श्री. दिनकरराव सावंत, म्हणजे आपल्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळाचे काका, यांची आणि माझी पहिली भेट गणपतीच्या पंगतीत झाली. कार्ल्सरूहेचं शिक्षण मी अर्ध्यात सोडलं होतं, हॅम्बर्गच्या बंदरात खोकी उचलून झाली होती, आणि इथे ज्या मित्राच्या भरवशावर आलो तो आधीच गाव सोडून गेला होता. हॉलमधून फोडणीचा वास आला म्हणून आत शिरलो. काका भात वाढत होते.

"कुठून आलात?"

"हॅम्बर्गहून."

"राहता कुठे?"

"सध्या... बघतोय."

"म्हणजे कुठेच नाही." ते काकूंकडे वळले. "शैला, आज एक गादी जास्त घाल गं."

"अहो, आधी त्याला जेवू तर द्या!"

त्या गादीवर मी अख्खा हिवाळा काढला. आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायला, काका स्वतः माझ्याबरोबर येऊन रांगेत बसले. त्यांच्याच शब्दावर मला शिकारीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात मदतनिसाचं काम मिळालं. एका जागी इतका मी कधी टिकलो नव्हतो. हॅम्बर्गला तर सुट्टीच्या दिवशी फेरीबोटीत बसून नुसता इकडून तिकडे जायचो, पाऊस बघत. पण ते असो.

काकांनी उभी हयात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढली. त्यांची कामाची रीत मी पाहिली ती गणपतीच्या स्टेजवर. सगळे बोल्ट आवळून झाले तरी ते खाली वाकून एकेक हाताने चाचपत होते.

"काका, पान्याने आवळलंय सगळं," आपल्या कार्याध्यक्ष मेधाताई म्हणाल्या.

"आवळलं असेल. मी बोटांना विचारतोय."

आणि एक बोल्ट खरंच त्यांच्या बोटांत फिरला. मेधाताईंनी त्यावर चहाच मागवला.

काकांच्या या गौरव अंकासाठी लिहायला सांगताना मेधाताईंनी मला बजावलं होतं, "बंदुकीबद्दल फार लिहू नकोस हं." पण शिकार वगळून काकांबद्दल लिहायचं कसं? परवानाधारक शिकारी म्हणून ते वर्षानुवर्षं इथल्या शेतकऱ्यांचा मका रानडुकरांपासून राखत आले आहेत. एकदा जनावर जखमी होऊन निसटलं, तर चिंगी या आपल्या डाकेल जातीच्या बुटक्या कुत्रीला घेऊन ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माग काढत राहिले, त्याचे हाल संपवले आणि मगच जेवले. याच चिंगीचे कान जपावेत म्हणून त्यांनी बंदुकीच्या नळीच्या टोकाला शालडेम्फर लावला. आवाज कमी करणारं नळकांडंच ते.

ते नळीला जोडायचे प्रकार असतात. काकांचा साधा, आट्यांचा. मचाणावर बसल्यावर ते आटे बोटांनी बेताबेताने फिरवत, जरा मागे घेत, पुन्हा पुढे नेत, नीट टेकेपर्यंत. गारठ्यात बोटं लाल व्हायची. मी शेजारी कंटाळून पाय हलवत बसायचो.

"काका, दुकानात नवीन जोड आलाय. एक पीळ दिला की बसला."

"छान. काजळी धरल्यावरही तसाच बसतो?"

"साफ ठेवला तर बसतो."

"आणि वजन?"

"थोडं वाढतं."

"मग घाई कुणाला आहे, भटक्या? डुकरांना की तुला?"

मी हसलो, पण ऐकलं नाही. काकांच्या पंचाहत्तरीची भेट ठरवताना मेधाताई म्हणाल्या, "तू दुकानात आहेस, तूच निवड." मी तोच झटपट जोड निवडला. काकांची बोटं हल्ली थरथरतात, त्यांना सोपं जाईल, असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. काकांनी टाळ्यांच्या गजरात तो हातात घेतला आणि म्हणाले, "गेनाऊ! असाच हवा होता." नंतर दुकानात तो नळीवर बसवूनही मीच दिला.

पुढच्या शनिवारी आम्ही मचाणावर गेलो. काकांनी शालडेम्फर लावला, एक पीळ दिला, खट्ट वाजलं. झालं. ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. उजेड होता तेवढ्यातच मक्याच्या कडेला डुकरं आली. काकांनी बंदूक उचललीच नाही.

"काका, समोर आहेत!" मी कुजबुजलो.

"दिसतायत."

"मग?"

"आटे फिरवताना रोज बोटांना विचारायचो, आज जमेल का. गारठ्यात आटे नीट लागले, तर हात गोळी झाडण्याजोगा आहे. नाही लागले, तर घरी. जनावर जखमी करायला मी इथे येत नाही." त्यांनी बंदूक बाजूला ठेवली. "आज विचारलंच नाही."

"मग जुना जोड परत बसवू या."

"नको. मंडळाने मानाने दिलंय. मुलांची मनं मोडायची नाहीत. नाहीतरी थांबायचं वय झालंच आहे."

तेव्हापासून काका शिकारीला गेलेले नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघा दुखतो. काकू म्हणतात, "अहो, गुडघा कधीपासून?" आणि ते चिंगीला घेऊन फिरायला जातात.

सन्माननीय मंडळी, या अंकात बाकीच्यांनी ताठ मानेने लिहिलं असेल. मला ते जमत नाहीये. ज्यांनी मला न विचारता गादी घातली, त्यांना आम्ही न विचारता म्हातारं ठरवलं, आणि ते आमचं मन राखायला तसे झाले. मला फार लाज वाटते. मेधाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. बंदुकीचंही लिही."

तेव्हा काका, मंडळाच्या वतीने सर्वांसमक्ष विनंती करतो: आमची भेट शोकेसमध्ये ठेवा. तुमचा आट्यांचा जोड मी दुकानात साफ करून ठेवलाय. थांबायचं कधी ते तुमची बोटं सांगतील, आम्ही नाही. तुम्हाला, काकूंना आणि चिंगीला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. शनिवारी थर्मास घेऊन येतो. तुम्ही आटे फिरवा, हवा तेवढा वेळ घ्या. मी पाय न हलवता बसेन.