मिल्काबाईंचा पहिला घास

मोर्शी-वरूडपासून बाळापूरपर्यंत मी नाटकं केली. राजे केले, भिकारी केले, टाळ्या घेतल्या. पण ज्या बाईपुढं माझी सगळी कला थिटी पडली, त्या अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. मिल्काबाई घोसाळकर. मूळच्या अलिबागकडच्या इस्राएली, म्हणजे आपले मराठी यहुदी. नवरा एलिझर रेल्वेत गार्ड, म्हणून इकडं आल्या आणि इथल्याच झाल्या. मूलबाळ नव्हतं. नातलग एकेक करून इस्राएल देशाला निघून गेले.

पितृपक्ष संपला की त्यांचं नवं वर्ष लागायचं. त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा हलवा, नारळाच्या दुधातला. चीक आमच्या घरचा. माझी सून सुभद्रा उन्हाळ्यात कुरडया करताना थोडा वाळवून त्यांच्यासाठी डब्यात ठेवायची. हलव्यावर हिब्रूत प्रार्थना म्हणायची, धान्याची वेगळी, फळाची वेगळी; म्हणणाऱ्यानं लगेच पहिला घास खायचा, मग इतरांनी. गार्डसाहेब धड होते तोवर ते म्हणत. पुढं ते काम बाईंकडं आलं.

सन दोन हजार सहा. रोज पेपरात वऱ्हाडातल्या कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्याचं मरण असायचं. कापसाच्या गावांत नाटक ठेवायचं आता कोणाच्या मनात येणार? आमची नाटक मंडळी मोडली होती. त्याच साली मिल्काबाईंच्या आतड्यांनी गहू नाकारला. डॉक्टरांनी तो बंद केला. पुढं ज्वारी, तांदूळही पोटात ठरेना. बटाटे, रताळी, अंडी, मासळी, एवढ्यावर बाई जगत होत्या. अंगावरचं लुगडं त्यांच्याहून जड वाटायचं.

साहेबांचं डोकं तोवर विझत आलं होतं. बायकोनं आधी खाल्लेलं डोळ्यांनी पाहिलं तरच ते खायचे. रोजचं निभत होतं. दोघं एकाच ताटातली रताळी खायची. पण नवं वर्ष लागलं आणि म्हातारा हटून बसला.

"हलवा कुठंय? सणाचा हलवा पोटात गेल्याशिवाय मी काही खाणार नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. चमचा ओठाला लावला की तोंड फिरवायचे.

सुभद्रानं नवरात्राच्या उपासासाठी शिंगाड्याचं पीठ आणलं होतं. म्हणाली, "मावशी, याचा करा ना. वरून जायफळ घाला. त्यायले काय समजते?"

हलवा असा उतरला की मीही फसलो असतो. बाईंनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. साहेब ऐकत होते.

"मिल्का, ही गव्हाची नाही." त्यांनी वाटी सरकवली.

वार विसरणाऱ्या त्या माणसाला फळाची प्रार्थना आणि धान्याची प्रार्थना यांतला फरक बरोबर कळला होता.

मी बाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, गव्हाचीच म्हणून टाका ना. देव काय तिकीट काढून पहिल्या रांगेत बसला हाये?"

बाई हसल्या. "जानरावभाऊ, तुमचा पडदा पडतो. आमचा पडत नाही. त्याचं नाव घेऊन खोटं बोलू?"

"मग गव्हाचा करा, प्रार्थना म्हणा आन् घास पदरात टाका. स्टेजवर मी जन्मभर रिकाम्या ताटात जेवलो, तुमाले शिकवतो."

"म्हणायचं आणि खायचं नाही, तेही खोटंच की."

सुभद्रा भडकली. "मावशी, गहू खासान तर मरसान!"

"आणि हे असेच उपाशी राहिले तर?"

सुभद्रानं पाय आपटत चिकाचा डबा आणून दिला.

संध्याकाळी बाईंनी प्रार्थना म्हटली आणि घास घेतला. साहेब त्यांच्या गळ्याकडं टक लावून होते. "आणखी," ते म्हणाले. बाईंनी आणखी खाल्लं. मग साहेबांनी स्वतः वाटीभर हलवा संपवला, बोटं चाटली. "नारळ बरा होता यंदा."

सकाळी बाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात सलाईन लागली तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती.

इकडं मी साहेबांसमोर बसून रताळं खाल्लं. खरंखुरं खाल्लं.

"मिल्कानं खाल्लं का?"

"खाल्लं ना साहेब."

"मी पाहिलं नाही."

पाण्याचे घोट घ्यायचे, तेवढंच. सुभद्रानं विनवलं, मी रागावलो, गल्लीतल्या सगळ्यांनी करून पाहिलं. बाई दवाखान्यात असतानाच एका दुपारी ते गेले. सलाईन काढून बाईंना घरी आणलं. शेवटच्या प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. अकोल्यात एकही उरला नव्हता. मातीला आमची गल्ली गेली.

त्यांच्यात मातीहून आल्यावरचं पहिलं अन्न शेजाऱ्यांनी द्यायचं असतं, उकडलेली अंडी. आमच्या घरी घट बसलेले. त्या दिवसांत अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. सुभद्रानं अंगणात तीन दगड मांडले आणि अंडी उकडली.

बाईंनी अंडं सोललं. ओठ हलले. त्यांनी एक घास घेतला, चावला, गिळला, आणि समोर साहेबांच्या रिकाम्या जागेकडं बघत बसल्या.

"खा ना मावशी," सुभद्रा म्हणाली.

बाई थांबूनच होत्या.