फौजी भाऊजींचा नेम

डावा डोळा मिटायचा, छत्री खांद्याला लावायची आणि ओठांनी "ठ्ठो" म्हणायचं. फौजी भाऊजींची सकाळ अशी सुरू व्हायची. रिठदच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बाकावर बसून ते रोज चार-दोन हरणं पाडत. मग शेजारच्या निवृत्त पोलीस पाटलांना म्हणत, "हरनाले रायफलच पायजे. फौजेतली. बाकी सारा पोरखेळ."

"त्या रायफलीनं हरनाच्या चिंध्या होतीन," पाटील म्हणत. "छऱ्याची बंदूकच बरी."

की झाली सुरुवात. गोळी आरपार जाते की आत राहते, एकेक मारावी की धडाधड सोडावी, मांस खायच्या लायकीचं उरतं की नाही. तुमच्याही गावात असे दोघे असतीलच. बंदूक दोघांकडेही नव्हती. हरणाच्या अंगाला हात लावला तरी वनखातं उचलून नेईल, हेही दोघांना ठाऊक. पण चहा थंड व्हायचा, वाद नाही.

मला त्या वादाची चीड यायची, कारण माझं वावर भाऊजींच्या वावराला लागून. बाकी सगळीकडून मी तार ओढली होती. राहिला होता तो आमच्या दोघांमधला बांध, म्हणजे धुरा. भाऊजींनी जमीन पडीक टाकलेली. हरणं तिथूनच बिनधास्त आत यायची आणि माझा हरभरा शेंड्यापासून खुडायची. धुरा सामाईक, त्यांच्या होकाराशिवाय खांब रोवला तर भांडण. विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं, "तार भेकड लोकायसाठी असते, वयनी. मी हाय नं."

ते होते, म्हणूनच तर हरणांचं फावलं होतं.

एका सकाळी अर्धं वावर बोडकं झालेलं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तशीच हॉटेलात गेले. "भाऊजी, कळप आत्ता वावरात हाय. चाला, दाखवा तुमचा नेम."

पाटलांचे गुडघे लगेच दुखायला लागले. भाऊजींना चारचौघांत नाही म्हणता येईना. छत्री घेऊन माझ्या मागे आले.

धुऱ्यावर उभं राहून त्यांनी डोळा मिटला, छत्री रोखली. "पाह्यलं का वयनी, म्होरक्या कसा ऐटीत उभा हाय."

छत्री रोखली होती तिकडे माझं बुजगावणं होतं, माझ्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यातलं. हरणं उजवीकडे, ढेकूळ फेकलं तर लागेल इतकी जवळ, निवांत चरत होती.

मी हसणारच होते. मग त्यांच्या डोळ्यांकडे नजर गेली. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखं झालेलं.

"भाऊजी, कधीपासून दिसत नाई?"

छत्री खाली आली. "दिवाळीच्या आंदीपासून."

"मंग ऑपरेशन काहून नाई केलं?"

छत्रीचं टोक त्यांनी मातीत रोवलं. मग हळूच म्हणाले, "डोळ्यात सुई घालतेत म्हने."

घ्या. रायफलीशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं, ते सुईला भ्यायले होते.

"हॉटेलात सांगू नोका, वयनी. तिथं बसाले जागा नाई राह्यनार मले."

बायको वारलेली, मुलगा पुण्यात. त्या बाकाशिवाय त्यांना दुसरं ठिकाण नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण हरभराही माझाच होता.

"नाई सांगत. धुऱ्यावर तार ओढू द्या."

"ओढा."

हरणं मीच हाकलली. हॉटेलात जाऊन भाऊजींनी सांगितलं, की आपल्या एका आरोळीनं कळप पळाला. तार लागली, उरलेला हरभरा वाचला.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीच्या पंगतीत मी वरण वाढत होते, तेव्हा पाटील मोठ्यांदा म्हणाले, "कायचा नेम न कायचं काय. गड्यानं जिंदगीभर छत्रीच रोखली. नाई का वयनी? तुमी तं होत्या त्या दिवशी."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. तार उभी होती, भाऊजी उरले नव्हते. बोलायला मला कोणाची आडकाठी नव्हती.

"मी होती," मी म्हटलं. "तुमचे गुडघे दुखत होते. म्होरक्यावर नेम धरला होता त्यायनं. हात जराही हालला नाई."

आणि पाटलांना वरण न वाढताच मी पुढच्या पानाकडे गेले.