कळंबच्या टेबलाचा चौथा पाय

"जोड कुठे गेले?" टेबलाखालून डोकं वर काढत मॅडमनी विचारलं.

हरिभाऊ खूश. "दिसत नाय ना? दिसणारच नाय. हात फिरवून बघा."

मी कपाळाला हात लावला.

दहिवलीत माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. हरिभाऊ माझे कारागीर, कडावचे. भरीव सागावर हात चालणारे तेवढेच एक, बाकीचे सगळे प्लायवूडवाले. मॅडमचं कळंबला फार्महाउस आहे. त्यांना डायनिंग टेबल हवं होतं ते 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' स्टाइलचं. ही इंग्लंडमधली जुनी पद्धत. कारखान्यातल्या मालाला वैतागलेल्या लोकांनी काढलेली. लाकूड भरीव, नक्षी बेताची, आणि हाताचं काम झाकायचं नाही. आडव्या पट्टीचं टोक पायातून आरपार बाहेर काढायचं, त्यात पाचर ठोकायची आणि ती पाचर सगळ्यांना दिसू द्यायची.

आमच्याकडे जोड दिसला की सुताराचा हात कच्चा समजतात. म्हणून हरिभाऊंनी टोकं कापून, घासून त्यावर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा थर, चिकटवला होता. मला न विचारता.

"अहो, ड्रॉइंगमध्ये स्पष्ट दाखवलंय की!" मी म्हणाले.

"ड्रॉइंगवाल्याचं काय जातंय ताई? कडावातल्या कुणी बघितलं तर तोंड माझं काळं."

मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. शेवटी आडव्या पट्ट्या नव्या करायला लावल्या. हरिभाऊ धुसफुसत, पण झकास काम करत होते. पाचरी बसल्या, टोकं बाहेर आली. मलाही ते हळूहळू आवडायला लागलं.

मॅडम पुन्हा आल्या. एकेक पाय बघत चौथ्यापाशी थांबल्या. "हा! हा सगळ्यात सुंदर. किती जिवंत वाटतो!"

मी वाकून बघितलं. त्या पायाचं भोक जरा मोठं पडलं होतं आणि फटीत लाकडाची कपची सारलेली होती. हरिभाऊंचा चेहरा उतरला.

"मॅडम, ती चूक हाय माझी."

"म्हणूनच तर आवडली! आता टेबलाच्या आतल्या बाजूला तुमचं नाव कोरा. या स्टाइलमध्ये करणाऱ्याचं नाव महत्त्वाचं. नावाशिवाय मी टेबल नेणार नाही."

"नाय कोरणार."

झालं! इतक्या महिन्यांचं काम, एवढा साग, आणि अडलं कशावर तर नावावर. मी हरिभाऊंना बाहेर नेलं. "अहो, बाईंना आवडलंय ना? मग तुम्हाला काय त्रास आहे?"

"त्यांना आवडलं म्हणून ती चूक नाय, असं होतं का?"

एकाला चांगलं काम लपवायचंय, दुसरीला चुकलेलं मिरवायचंय, आणि मधे मी! माझं डोकं पार भंजाळलं.

हरिभाऊ स्वतःच आत गेले. "मॅडम, नाव हवं असंल तर पाय बदलतो. ह्योच पाय ठेवायचा असंल तर नाव नाय. मंग त्या टेबलाला माझं म्हनू नका."

मॅडमनी त्या कपचीवरून दोनतीनदा बोट फिरवलं. मग हरिभाऊंकडे बघितलं.

"बदला," त्या म्हणाल्या. आवाज जरा बारीकच होता.

हरिभाऊंनी नवा पाय केला. जोडात नख जाणार नाही असा. मग पटाशी घेतली आणि टेबलाच्या आतल्या अंगाला आपलं पूर्ण नाव गावासकट कोरलं. टेंपोत टेबल चढवताना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता कळंबला पाहुणे आले की मॅडम आधी त्यांना टेबलाखाली वाकायला लावतात, जेवण मग.

मीही एक शिकले. ऑर्डर घेतली की चांगलं काम म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला आणि कारागिराला वेगवेगळं विचारून घेते. दोघांचं उत्तर अजून एकदाही जुळलेलं नाही.