फ्रॉकच्या आतली लाल खूण

पोटच्या पोरीला कधी बजावलंय का तुम्ही, की चारचौघांत मला आई म्हणायचं नाही? नाही ना? मग नियमाने वागायला काय जातं, हे मला शिकवू नका.

आमच्या शेजारची, सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली एक बाई. कपड्यांच्या कांजीवर हात बसलेला, म्हणून सगळे तिला कांजीबाई म्हणत. सरकारी नोकराला तिसरं मूल झालं की घरी बसा, असा नियम. दुसऱ्यानंतर हिने ऑपरेशन करून घेतलेलं, त्याच हॉस्पिटलात. ते फसलं. चूक त्यांची, शिक्षा हिला. सांगायला जावं तर नोकरी आधी जाते, चौकशी मागाहून होते.

म्हणून तिसरी मुलगी बहिणीची झाली. बहीण शेजारच्याच खोलीत. पोर मावशीला आई म्हणे आणि आईला मावशी. इतकी पढवलेली, की ठेच लागली तरी ‘मावशी गं’ म्हणून रडायची.

एक दिवस तपासणीवाल्या मॅडम दारात. कोणी कळवलं? माझा संशय धुलाईखान्याच्या मुकादमावर. त्याची भाची कधीपासून तिथल्या जागेसाठी ताटकळत होती. समोरचा दुकानदारही काही धुतल्या तांदळाचा नाही. उगाच पोरीला फुकट गोळ्या देत होता.

मॅडम गोडच बोलल्या. पोरीला मांडीवर घेऊन तुझी आई कोण विचारलं. तिने बिनचूक बहिणीकडे बोट दाखवलं. मॅडमनी उठता उठता फ्रॉकची कड उलटली.

कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून धुलाईखान्यात प्रत्येक वॉर्डाची खूण दोऱ्याने घालतात. हात तोच, सवय तीच. कांजीबाईने घरच्या कपड्यांवरही लाल फुली घातलेली. नवऱ्याच्या सदऱ्यावर, दोन्ही पोरांच्या चड्ड्यांवर. आणि या फ्रॉकवर. दोरीवर सगळं शेजारी शेजारी वाळत होतं. बहिणीच्या घरच्या एकाही कपड्यावर फुली नव्हती.

बहीण म्हणाली, ताईच धुते सगळ्यांचे, चुकून घातली असेल.

मॅडम बहिणीकडे बघून हसल्या. “मग काळजीच नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही मालकांच्या बदलीच्या गावी चाललाय म्हणे. लेकीला नेणारच ना?”

बदलीचं घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. मग यांना कुठून कळलं?

बहिणीने मान हलवली. नेणार म्हणाली.

कांजीबाई म्हणाली, “ती कुठे जायची नाही.”

“ताई, गप्प बस.”

“किती वर्षं गप्प बसू? माझी आहे ती.”

नोकरी गेली. त्या जागेवर आता मुकादमाची भाची कांजी करते, गुठळ्यांसकट. कांजीबाई कोपऱ्यावर इस्त्रीची टपरी चालवते, पोर फळीखाली खेळते. परवा कोणीतरी तिथेही विचारून गेलं म्हणे, शेजारच्या, बांधकाम खात्यातल्या गवंड्याला पोरं किती.

उद्या तुमच्याकडेही कोणी गोड बोलून शेजारच्या पोरांबद्दल विचारेल. मेहरबानी करा, मला माहीत नाही म्हणा आणि दार लावून घ्या.