आमच्या साडूंची पारख

"बाई, घेऊ नका ती! मधल्या ओळीत दोरा सुटलाय," आमचे साडू ओरडले, आणि नांदेडच्या त्या उघड्या मैदानात, भर मे महिन्यात, बाईंनी हातातली वाकळ चटका बसल्यासारखी खाली ठेवली. वाकळ कुणाची, तर साडूंच्याच बायकोची. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, आमच्या अक्कांची.

देव सोडला तर जगात बिनखोडीचं काहीच नाही, असं साडूंचं मत आहे. आणि देव सुटला तोही गाभाऱ्यात उजेड कमी असतो म्हणून. लातूरच्या डाळमिलीत तीस वर्षं त्यांनी तुरीची पारख केली. मूठभर तूर तळहातावर पसरायची, फुंकर घालायची, आणि माल मालकाच्या सासऱ्याचा असला तरी खोड मोठ्यानं सांगायची. पुढं ती सवय तुरीपुरती राहिली नाही. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी भिंतीवर बोटानं नुसतं ठकठक केलं, तर गवंडी पंगतीतून उठून गेला. स्वतःच्या लग्नात अंतरपाट सरकला तेव्हा नवरीच्या आधी त्यांनी हातातल्या अक्षता पाहिल्या आणि भटजींना म्हणाले, "कणी लई हाय." मुहूर्त पाऊण तास लांबला. मी तिथं नव्हतो, पण सांगताना दर वर्षी पाच मिनिटं वाढवतो.

अक्कांनी जुन्या लुगड्यांच्या पाच वाकळी हिवाळाभर बसून शिवल्या होत्या आणि हस्तकलेच्या या मेळ्यात जन्मात पहिल्यांदा गाळा घेतला होता. सकाळी निघतानाच त्या म्हणाल्या होत्या, "एक तरी परक्या माणसानं घ्यावी. न्हाईतर सुई ठेवून देते, परत हात लावायची न्हाई." साडूंनी गंभीरपणे मान हलवली होती. दुपारपर्यंत त्यांनी नऊ गिऱ्हाइकं परतवली.

"दाजी, यांना कुठंतरी फिरवून आणा," अक्का मला म्हणाल्या. फिरवलं. साडूंनी कुंभाराचे माठ वाजवले. दोन माठ कुंभारानं मुकाट्यानं टेबलाखाली सरकवले. टोपलीवालीला सांगितलं, "मावशी, बूड ढिलं हाय." तिनं शिवी दिली, मग टोपली उलटी करून पाहिली आणि शिवी परत घेतली. तासाभरात लोक वस्तू हातात घेऊन आमच्या मागं फिरू लागले होते. साडूंनी मान डोलावली की माल खपायचा. अख्ख्या मेळ्यात रिकामा गाळा एकच, अक्कांचा.

ऊन कललं तशा अक्का सुया डबीत भरू लागल्या. तेवढ्यात छत्रीवाल्या एक बाई आल्या. त्यांनी वरची वाकळ उचलली ती थेट साडूंपुढं धरली. "काका, यात काय खोड हाय ते आधीच सांगा."

साडूंनी चष्मा लावला. वाकळ उलटी केली, सुलटी केली, काठावरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात बोट थांबलं. त्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का डबीचं झाकण लावत होत्या, वर न बघता.

"काही न्हाई," साडू म्हणाले. "घ्या."

या माणसानं खोड नाही म्हटलं, ही बातमी मेळ्यात वाऱ्यासारखी गेली. उरलेल्या चार वाकळी अर्ध्या तासात उठल्या. साडूंना कुणी विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळच्या लातूर गाडीत ते खिडकीशी बसले. खिडकीची काच खडखडत होती, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. मला काळजी वाटली. तीस वर्षांत एक दाणा न लपवलेला माणूस, आपलाच तळहात उघडून बघत बसला होता. मग अक्कांकडं न बघता म्हणाले, "त्या पहिल्या वाकळीत दोन टाके चुकलेले होते. मी बोललो न्हाई."

"तीन," अक्का म्हणाल्या.